उंबऱ्याच्या आत

मैत्रिणींनो, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे नाव शाळेत वाचलेलं आठवतं का? १८५० साली जन्मलेले हे मुंबईचे नामांकित वकील. गीतेचं त्यांनी इंग्रजीत भाषांतर केलं, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेतला, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तर १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. आयुष्य मात्र अवघं ४३ वर्षांचं!

मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. पण स्वतःच्या लेकीचं लग्न मात्र लहान वयातच लावून दिलं. घरच्यांच्या आग्रहापुढे एवढ्या मोठ्या वकिलाचं काही चाललं नाही! लोकांनी फार टीका केली.

मला मात्र त्यांच्यात आपणच दिसतो. महिला मंडळात आपण हुंड्याविरुद्ध तावातावानं बोलतो आणि घरी ‘सासूबाईंना काय वाटेल’ म्हणून गप्प बसतो. म्हणून सांगते, लेकीसुनांबद्दलचं आपलं मत वडीलधाऱ्यांच्या कानावर आधीच, शांतपणे घालून ठेवावं. याद्या करायला बसल्यावर तोंड उघडायचा धीर होत नाही, बरं का!