घड्याळाचा अधिकार कुठवर?

बेसबॉलचा सामना किती वेळ चालावा, याविषयी त्या खेळाचा मूळ कायदा मौन पाळतो. फुटबॉलला नव्वद मिनिटांची मुदत आहे, कसोटी क्रिकेटला पाच दिवसांची. बेसबॉलमध्ये मात्र नऊ डाव आणि प्रत्येक डावात प्रत्येक पक्षाचे तीन गडी एवढेच मुक्रर केलेले असून, नवव्या डावाअखेर धावा समान राहिल्यास निकाल लागेपर्यंत डावामागून डाव खेळत जावे, असा परंपरागत रिवाज आहे.

१ मे १९२० रोजी बोस्टन येथे ब्रुकलिन आणि बोस्टन या संघांत सव्वीस डाव झाले. दोन्ही पक्षांचे पिचर आरंभापासून अखेरपर्यंत तेच राहिले, आणि अंधारामुळे १-१ अशा बरोबरीत सामना सोडून द्यावा लागला, तेव्हा अवघे ३ तास ५० मिनिटे लोटली होती. पुढे २०२१ साली अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये नुसत्या नऊ डावांना सरासरी ३ तास १० मिनिटे लागू लागली. पिचरने चेंडू घोळवीत उभे राहावे, बॅटरने चौकटीबाहेर येऊन हातमोज्यांच्या पट्ट्या सोडाव्या नि पुन्हा आवळाव्या, पिचरमागून पिचर बदलावेत आणि डावांमधल्या अवकाशात जाहिरातींनी आपला वसूल करून घ्यावा, अशा प्रकारांत प्रेक्षकांची संध्याकाळ खर्ची पडत होती.

म्हणून २०२३ साली मैदानावर जे घड्याळ लागले, त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंदांत आणि असेल तर २० सेकंदांत (पुढल्या वर्षी ही मुदत १८ वर आली) पिचरने चेंडू टाकण्यास आरंभ केलाच पाहिजे. विलंब त्याचा असेल तर एक बॉल, बॅटरचा असेल तर एक स्ट्राइक, असा दंड ठेवला गेला आणि सरासरी एकाच हंगामात २ तास ४० मिनिटांच्या आसपास उतरली. खेळाचा एक कणही यात हरवला नाही.

परंतु दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक धावक आयता उभा करण्याची जी तजवीज २०२० पासून झाली, ती मला मान्य नाही. कारण ती वेळकाढूपणा नव्हे, प्रत्यक्ष खेळच छाटते. हंगामाअखेरच्या निर्णायक सामन्यांना हे कलम स्वतः चालकांनीच लावलेले नाही, यातच त्याच्या उणेपणाची कबुली आहे.

अशा छाटणीत काय हरवते, ते एका जुन्या सामन्यावरून ध्यानी यावे. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे, दुय्यम लीगच्या सामन्यात, मध्यरात्रीनंतर खेळ थांबविण्याचे कलम पंचांच्या नियमपुस्तिकेतून गळालेले असल्यामुळे, पॉटकेट आणि रॉचेस्टर हे संघ बत्तीस डाव खेळत राहिले. थंडी एवढी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. पहाटे चार वाजून गेल्यावर सामना तहकूब झाला, तेव्हा प्रेक्षागारात एकोणीस माणसे उरली होती. पुढे नामांकित झालेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन त्या रात्री परस्परांविरुद्ध खेळत होते. २३ जून रोजी खेळ तेथूनच पुढे सुरू झाला आणि अठरा मिनिटांत, तेहतिसाव्या डावात, पॉटकेटने तो ३-२ असा जिंकला.

— मैदानवासी