लुकलुकता दिवा विकायचा की दिसणारी गाडी?

दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात घटकाभर उभे राहिले, की हल्ली एक मागणी हमखास कानावर येते. "चाचा, अशी लाइट लावून द्या की सगळ्यांचं लक्ष गेलं पाहिजे." दुकानदार लुकलुकणाऱ्या एलईडीची पट्टी पुढे करतो, वायरमन थोड्याच वेळात ती जोडून देतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. या व्यवहाराविषयी आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिकचे काम आणि सुट्या भागांची विक्री यांवर आपल्यापैकी पुष्कळांची रोजी चालते, म्हणून हे बोलणे आपसातलेच समजावे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की गिऱ्हाइकाची भीती खोटी नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरातील ४४ हून अधिक, दुचाकीवरची होती. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात असे दिसले, की मोटारसायकल दुसऱ्या वाहनाशी धडकली अशा अपघातांपैकी दोन तृतीयांशांत समोरच्याने तिचा रस्ता अडवला होता. बहुतेकांचे म्हणणे एकच, "दिसलीच नाही."

यात नेहमीच लबाडी नसते. समोरून येणारी मोटारसायकल अरुंद असते, दिवा एकच असतो, आणि सरळ आपल्याकडे येताना ती जागची हलत नाही असे भासते. लहान वस्तू डोळ्याला लांब वाटते. म्हणून ट्रकवाल्याला वाटते, अजून वेळ आहे, आणि तो वळण घेतो.

मग लुकलुकता दिवा लावला तर काय बिघडले? लक्ष तर जातेच. अमेरिकेत मोटारसायकलचा हेडलाइट दिवसा कमी-जास्त होत राहील असे यंत्र लावण्यास कायद्याने परवानगी आहे. पण तिथे अटी आहेत. मिनिटाला २०० ते २८० वेळाच उजेड बदलावा, तो पूर्ण विझू नये, आणि अंधार पडताच दिवा आपोआप स्थिर व्हावा. काउंटरवर सुटी मिळणारी पट्टी असली कोणतीच अट पाळत नाही. रात्री ती समोरच्याच्या डोळ्यांवर येते. अंधारात उघडझाप करणारा एकटा दिवा किती लांब आहे आणि किती वेगाने येतो आहे, याचा अंदाजही नीट लागत नाही. लक्ष गेले आणि अंदाज चुकला, तर त्या लक्षाचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रस्त्यावर लुकलुकण्याला ठरलेला अर्थ आहे. पिवळा इंडिकेटर म्हणजे गाडी वळणार. चारही इंडिकेटर म्हणजे गाडी अडचणीत आहे किंवा थांबली आहे. लाल-निळा झगमगाट पोलीस आणि तातडीच्या वाहनांचा. आता पावसाळ्यात घाटातून चारही इंडिकेटर चालू ठेवून सरळ जाणारा मोटारसायकलवाला डोळ्यांसमोर आणा. त्याची एक बाजू बसच्या आड आहे. पलीकडच्या गाडीवाल्याला एकच दिवा दिसतो, आणि तो समजतो की ही दुचाकी वळते आहे. शिवाय त्या दुचाकीला खरोखर वळायचे असेल, तेव्हा दाखवायला इंडिकेटर उरलेलाच नसतो. ब्रेकलाइटचेही तसेच. सारखा लुकलुकणारा लाल दिवा पाहून मागच्याला ब्रेक कधी लागला हे कळत नाही.

कायदाही पाहावा. पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवणे मोटार वाहन नियमांत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरून आलेले गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढेल काय?

मग विकायचे काय? जे खरोखर उपयोगी पडते ते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो, तो याच कारणासाठी. त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना दिवसाही दिवा लावायला सांगावे. पिवळी पडलेली काच, गंजलेला रिफ्लेक्टर, ढिली अर्थ वायर, वरच्या दिशेला फिरलेला हेडलाइट, जळालेला ब्रेकचा बल्ब, अडकलेला ब्रेक स्विच ही कामे रोज आपल्या हातांखालून जातात. इंडिकेटरला दहा वॅटच्या बल्बऐवजी एलईडी घातला, तर जुना फ्लॅशर त्याला जुळत नाही आणि इंडिकेटर भरभर उघडझाप करतो. तिथे फ्लॅशरही बदलून द्यावा, आणि का बदलला हे गिऱ्हाइकाला सांगावे.

आमच्या शिलाई कारागिरांसाठीही यात काम आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चमकणारे किंवा उजेड परतवणारे कपडे घालणाऱ्यांना इजेचा धोका ३७ टक्के कमी, काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटला २४ टक्के कमी, आणि दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्के कमी आढळला. घरोघर माल पोहोचवणारी मुले आज प्रत्येक शहरात दिवस-रात्र दुचाकीवर असतात. त्यांच्या जाकिटावर आणि पाठीवरच्या पिशवीवर उजेड परतवणारी पट्टी शिवून देणे हे कोणत्याही टेलरला जमण्याजोगे काम आहे. दुकानदारानेही काळ्या हेल्मेटशेजारी पांढरे मांडून ठेवावे.

कोणी म्हणेल, आम्ही पट्टी लावली नाही तर शेजारचा लावील. लावू दे. त्याला एकदाच पैसे मिळतील. ज्याने गाडीचे दिवे नीट करून दिले आणि कारणही समजावले, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक भावालाही घेऊन येईल. धंद्यात नाव असेच होते.

आमची बांधवांना विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी कोणी तरुण म्हणाला, "लक्ष गेलं पाहिजे", तर हात पट्टीकडे नेण्याआधी त्याच्या गाडीचा ब्रेक दाबून पाहा, मागचा दिवा लागतो का. पुष्कळदा खरे काम तिथेच निघेल.