इंजिनला हात न लावता

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. नवी कोरी टर्बो गाडी घेऊन जेमतेम सहा महिने झालेत. म्हणाला, "मामा, फक्त एक्झॉस्ट बदलतोय. इंजिनला हात नाही लावत."

मंडळी, हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण अगदी हेच वाक्य मी २००५ साली न्यू जर्सीत बायकोला ऐकवलं होतं. तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये १९९३ सालची सेकंडहँड माझदा आरएक्स-७ उभी होती, आणि तिच्यापायी घर घेणं एक वर्ष पुढे गेलं होतं. (आई हा ब्लॉग वाचते. तिला हे आज कळतंय. सॉरी आई!)

तर मुद्दा असा. साध्या गाडीत सायलेन्सर बदलला तर बहुतेक वेळा आवाज बदलतो आणि शेजारी बदलतात, म्हणजे आपल्याशी वागायचे. टर्बो गाडीची गोष्ट वेगळी. तिथे इंजिनमधून बाहेर पडणारा गरम वायूच टर्बाइन फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा पंखा इंजिनमध्ये हवा कोंबतो. म्हणजे एक्झॉस्ट हा टर्बोचा अर्धा भाग झाला. टर्बाइनच्या पुढची वाट मोकळी केलीत की ते जास्त जोरात फिरणार आणि आत जास्त हवा जाणार. "हात नाही लावत" म्हणता म्हणता तुम्ही थेट नरड्याला हात घातलेला असतो.

माझ्या गाडीत तर पिस्टनच नव्हते. समोशासारखे तिकोनी दोन रोटर, आणि प्रत्येकाच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या, त्यांना एपेक्स सील म्हणतात. १३०८ सीसी, दोन टर्बो, २५५ हॉर्सपॉवर, बूस्ट साधारण १० पीएसआय. टर्बोला लागूनच एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, प्री-कॅट. तो भट्टीसारखा तापून बॉनेटखालच्या रबरी नळ्या शेकून काढतो. म्हणून जाणकार सांगायचे, तो काढून सरळ पाइप लावा. तो सल्ला इंजिनपुरता वाईट नव्हता. (कायद्यापुरता होता. प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकणं अमेरिकेत बेकायदा आहे, हे तेव्हा मला सोयीस्करपणे आठवत नसे.)

गडबड पुढे झाली. प्री-कॅट गेला तर मोठा कॅट कशाला, आणि मोठा कॅट गेला तर मागचा सायलेन्सर कशाला? सगळं मोकळं. बूस्टचा काटा चौदाच्या पुढे जायला लागला आणि मी खुळ्यासारखा खूश! वेस्टगेटचं काम जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून द्यायचं. पण त्याचं भोक कारखान्याच्या एक्झॉस्टच्या हिशोबाने केलेलं. ते पूर्ण उघडलं तरी पुरेना.

त्यात या गाडीचा संगणक आत येणारी हवा मोजत नाही. तो दाब मोजतो आणि ठरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल किती द्यायचं ते ठरवतो. मागचा अडथळा गेला की त्याच दाबाला जास्त हवा आत शिरते. तक्त्याला बिचाऱ्याला हे कुठून कळणार? हवा जास्त, पेट्रोल कमी, उष्णता भयंकर, आणि मग वेळेआधी होणारा स्फोट, नॉक.

एका रात्री हायवेवर फुटाणा फुटल्यासारखा बारीक आवाज आला. बस्स, एवढाच. एक सील तुटली, तिचा तुकडा बाहेर पडता पडता टर्बाइनची पाती खाऊन गेला. इंजिनही गेलं आणि टर्बोही.

त्यानंतर किती वर्षं मी सांगत फिरलो, "रोटरी इंजिनं कच्चीच असतात हो!" धादांत खोटं. ते इंजिन नाजूक होतं हे खरं, पण मारलं मी.

म्हणून मला राग येतो तो "फ्री फ्लो म्हणजे इंजिनला मोकळा श्वास" असली वाक्यं फेकणाऱ्यांचा. पाइप विकतात, आणि पुढचं ट्यूनिंग "नंतर बघू". आता तर सायलेन्सरमधून मुद्दाम फटाके फोडायची फॅशन आहे. ते फटाके म्हणजे बाहेर जाऊन जळणारं पेट्रोल, आणि त्याची धग लागते टर्बोलाच.

मी बदल करण्याच्या विरोधात नाही. पण आधी लगीन कोंढाण्याचं! आधी मिश्रण दाखवणारा मीटर, पुरेसं पेट्रोल देणारे इंजेक्टर आणि पंप, बूस्टवर ताबा, जाणत्या माणसाकडून संगणकाचं ट्यूनिंग. एक्झॉस्ट त्यांच्या जोडीने, एकटा कधीच नाही. पैसे एवढ्यापुरते नसतील तर एक्झॉस्टपुरतेही नाहीत असं समजा.

भाचा म्हणाला, "मामा, आताच्या गाड्या हुशार आहेत." आहेतच. नॉक ऐकू आला की त्या इग्निशन मागे घेतात, बूस्ट आवरतात. पण ही हुशारी चुकून होणाऱ्या चुकीसाठी ठेवलेली असते, रोज जाणूनबुजून करायच्या चुकीसाठी नाही.

मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि हळूच म्हणाला, "पण आवाज भारी येतो ना."

चला, निदान खरं बोलला. २००५ मध्ये बायकोने मला विचारलं होतं, "आवाजासाठीच ना?" आणि मी म्हणालो होतो, "छे, परफॉर्मन्ससाठी!" तेव्हा 'हो' म्हणालो असतो, तर मागचा एक सायलेन्सर बदलून कदाचित भागलं असतं.

असो. गाडी आता नाही. ती तुटकी पट्टी अजून ड्रॉवरमध्ये आहे, तिचा फोटो भाच्याला पाठवलाय. अजून उत्तर नाही.