यात बेकायदेशीर काय आहे?

वर्षभर एक वाक्य मनात सलत राहिले: ‘यात बेकायदेशीर काय आहे?’ नेत्याच्या परदेशातल्या पैशांचा विषय निघाला, की कोणत्याही पक्षाचा प्रवक्ता हे वाक्य टाकतो आणि चर्चा संपते. ऐकणारेही मान डोलावतात. चीड येते ती या मान डोलावण्याची. सामान्य माणसाने असे म्हटले तर समजू शकते, कारण कायदा त्याने केलेला नसतो. जो कायदे करतो, त्याला ही पळवाट देता कामा नये.

आइसलँडचे पाहा. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. परदेशी धनकोंपुढे झुकणार नाही, अशी भूमिका घेऊन सिगमुंडुर गुनलॉगसन पुढे आले आणि 2013 मध्ये पंतप्रधान झाले. 3 एप्रिल 2016 रोजी पनामा पेपर्स बाहेर आले. मोसॅक फोन्सेका या वकिली कंपनीच्या सुमारे 1 कोटी 15 लाख कागदपत्रांत ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या ‘विंट्रिस’ कंपनीचेही कागद होते. ही कंपनी या पंतप्रधानांची आणि त्यांच्या पत्नीची. तिच्याकडे त्याच बुडालेल्या बँकांचे रोखे होते. म्हणजे ज्या धनकोंशी सरकार वाटाघाटी करत होते, त्यांच्या रांगेत पंतप्रधानांचे घरही उभे होते. खासदारांना असे हितसंबंध जाहीर करायला लावणारा नियम 1 जानेवारी 2010 पासून लागू होणार होता. गुनलॉगसन यांनी आपला निम्मा हिस्सा पत्नीला विकला तो 31 डिसेंबर 2009 रोजी. किंमत एक डॉलर.

स्वीडिश टीव्हीच्या मुलाखतीत विंट्रिसबद्दल विचारताच ते उठून निघून गेले. कर नियमाने भरला, असे त्यांनी नंतर सांगितले. पण रेक्याविकमध्ये संसदेसमोर जमलेल्या हजारो लोकांचा प्रश्न कराचा नव्हताच. आमच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्याने स्वतःचे येणे आमच्यापासून का लपवले, हे त्यांना विचारायचे होते. अंडी आणि दही फेकले गेले. 5 एप्रिलला पंतप्रधानांना पद सोडावे लागले.

ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर कंपनीला आयकर लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. नेत्याला त्याहून मोलाची सोय म्हणजे मालकाचे नाव लोकांना दिसत नाही. चेक प्रजासत्ताकचे आंद्रेय बाबिश यांनी 2009 मध्ये फ्रान्समध्ये हवेली घेण्यासाठी सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर अशाच कंपन्यांतून फिरवले. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पँडोरा पेपर्स या नव्याने फुटलेल्या कागदपत्रांतून ते उघड झाले तेव्हा बाबिश पंतप्रधान होते. काही बेकायदेशीर केले नाही, असे तेही म्हणाले आणि त्याच आठवड्यातली निवडणूक हरले. हा दिवाळी अंक छपाईला जाता जाता बातमी आली, की 2025 च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या तिथल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा पहिला आला.

आपल्याकडे 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवाराला संपत्तीचे शपथपत्र द्यावे लागते. 2019 पासून लोकसभा-विधानसभेच्या नमुना 26 मध्ये परदेशातल्या मालमत्तेचीही माहिती मागितली जाते. पाऊल चांगलेच आहे. पण हा नमुना उमेदवार, जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंबापुरता. कमावत्या मुलाची किंवा भावाची स्वतःची मालमत्ता त्यात येत नाही. खोट्या माहितीला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कमावत्या मुलांची मालमत्ताही या नमुन्यात यायला हवी आणि खोटे लिहिणाऱ्याचे पद आपोआप जायला हवे. माझ्या लेखी यात तडजोड नाही.

2025 या वर्षाबद्दल थोडेच लिहितो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय लोकांच्या रेट्यापुढे मागे घ्यावे लागले. आणि सप्टेंबरच्या पावसाने मराठवाडा अक्षरशः धुऊन नेला. हातचे सोयाबीन गेलेल्या शेतकऱ्याला मदतीसाठी पंचनामा, सातबारा आणि आधारशी जोडलेले बँक खाते दाखवावे लागते. जमीन सामायिक खात्यात असेल तर भावाचे संमतिपत्रही लागते. त्याच्या गुंठ्यागुंठ्याची नोंद कुणालाही पाहता येते. त्याच्यावर राज्य करणाऱ्याची मालकी मात्र कॅरेबियन समुद्रातल्या एका फाइलीत दडू शकते. यंदाच्या अंकाचा विषय ‘हिशेब’ ठरवला तो याच रागातून. कथा-कवितांना तो कितपत मानवला, हे वाचकांनी ठरवावे.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो. तशी नेत्यांच्या हिशेबाची वहीही उघडून पाहायला हवी, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांतही. तिथल्या उमेदवारांनाही संपत्तीचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते कुणालाही वाचता येते. दरवर्षी हा अंक न चुकता घेणाऱ्या तुम्हा सर्वांना एक विनंती: मत देण्याआधी आपल्या प्रभागातली, गटातली शपथपत्रे वाचा, मागच्या वेळच्या शपथपत्राशी ताडून पाहा आणि जे जुळत नाही ते उमेदवार दारात आला की त्याला विचारा.