सहा वाजताचे जेवण

‘पारंपरिक’ हे विशेषण पर्यटनाच्या पुस्तिकांत इतके स्वस्त झाले आहे, की ते दिसताच आम्ही दोघेही सवयीने सावध होतो. साहित्य शिकवणाऱ्याला ही खोड लागतेच. जपानमधल्या रियोकानच्या, म्हणजे तातामीच्या चटया आणि सरकती दारे असलेल्या जुन्या धाटणीच्या अतिथिगृहांच्या, वर्णनात हे विशेषण हमखास येते. आणि हल्ली त्याला लागून एक तक्रारही येते. बर्फावर घसरायला येणाऱ्या हौशी मंडळींनी, त्यातही परदेशी मंडळींनी, या शांत वास्तूंची रया घालवली, अशी ती तक्रार. दाराशी ओल्या बुटांचा खच, भिंतीला टेकवलेल्या स्कीच्या फळ्या, आणि आत म्हणे ध्यानस्थ सौंदर्य! नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गावी अशाच एका रियोकानमध्ये तीन रात्री काढल्यावर ही तक्रार आम्हांला मुळीच पटेनाशी झाली आहे.

वस्तुतः परंपरा आणि स्की यांचे भांडण लावून देणे इतिहासाला धरून नाही. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावर बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या डोंगररांगांना अडून ते बर्फाच्या रूपाने खाली टाकतात. या पट्ट्याला ‘युकिगुनी’, म्हणजे हिमभूमी, असे म्हणतात. तिथला शेतकरी हातातली कामे उरकली की गरम पाण्याच्या झऱ्यांवर काही दिवस अंग शेकायला जाई. सोबत आपला तांदूळ नेई आणि आपणच रांधून खाई. आज ज्या अनेक पदार्थांच्या सुबक भोजनाला आपण रियोकानची परंपरा म्हणतो, ते या साध्या पाहुण्याच्या वाट्याला येत नव्हते. हिवाळ्यात तर कित्येक घरांतले कर्ते पुरुष मजुरीसाठी शहरांकडे जात. या जाण्याला ‘देकासेगी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ऑस्ट्रियाचे एक लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी १९११ साली ताकादा इथल्या सैनिकांना स्की शिकवले, आणि नोझावाच्या गावकऱ्यांनी १९२३ साली आपला स्की क्लब काढला. पुढे ज्या महिन्यांत गाव ओस पडायचे, त्याच महिन्यांत ते भरू लागले. जुन्या वास्तू टिकल्या त्या या पैशावर. १९९८च्या नागानो ऑलिंपिकची बायथलॉन स्पर्धा याच गावाच्या उतारांवर झाली.

कावाबाता यासुनारींच्या ‘युकिगुनी’ या कादंबरीचे नाव इथे टाळता येत नाही. १९३१ साली शिमिझू बोगदा उघडला, टोकियोहून युझावाची वाट सोपी झाली, आणि १९३४ सालापासून कावाबाता तिथल्या एका रियोकानमध्ये येऊन राहू लागले. ती खोली आजही जपून ठेवलेली आहे. या कादंबरीतून वाचकांच्या मनात जे हिमाच्छादित, कालातीत गाव ठसले, त्यात स्कीला जागा नाही. प्रत्यक्षात स्कीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे ओस दिवस कादंबरीतच येतात. आपण ते वाचून विसरतो. शिमामुरा हा तिचा नायक बापजाद्यांच्या पैशावर जगतो आणि कधीही न पाहिलेल्या पाश्चात्त्य बॅलेवर लेख लिहितो. (समीक्षकांनी या पात्राकडे जरा सहानुभूतीने पाहावे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.) रियोकानकडे बहुतेक लेखन या शिमामुराच्या नजरेने पाहते. दिवा, बर्फ, बाई, उदासी. खोलीत चहा आणून देणारी बाई किती वाजता उठली, हे त्याला दिसत नाही.

आम्हांला मात्र रियोकानचे मर्म त्याच्या घड्याळात दिसले. दुपारी तीनच्या आधी खोली नाही. उंबऱ्याशी बूट काढायचे आणि सपाता चढवायच्या. तातामीवर पाय ठेवण्यापूर्वी त्या सपाताही काढायच्या. स्कीचे बूट आणि फळ्या यांना तळाशी वेगळी, उबदार खोली. डोंगरावरून आल्यावर आधी स्नान. तेही कुंडाबाहेर बुटक्या बैठकीवर बसून अंग घासून धुतल्यावर कुंडात उतरायचे, कारण ते पाणी सर्वांचे. मग युकाता नेसायचा, डावी बाजू उजवीवर. उलट नेसवतात तो प्रेताला. सहा वाजता जेवण. काय जेवायचे हे विचारत नाहीत, वाढतात. आपण जेवत असताना कोणीतरी खोलीत येऊन गाद्या घालून गेलेले असते. सकाळी दहाला खोली रिकामी. दरही खोलीमागे नव्हे, माणशी, दोन्ही जेवणे धरून.

‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, ही व्युत्पत्ती आपण वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. रियोकानचा पाहुणा नेमका याच्या उलट आहे. त्याची तिथीच काय, वेळही ठरलेली असते आणि ती त्याने पाळायची असते. पैसे देणारा माणूस इथे धनी होत नाही. तो काही काळापुरता घरातला एक होतो, आणि घरात असतात तसे नियम त्यालाही लागू होतात. दिवसभर डोंगरावर आपल्या मर्जीने, वाटेल त्या वेगाने घसरलेल्या माणसाला संध्याकाळी कोणीतरी ‘आता आंघोळ, आता जेवण’ असे सांगावे, यात मोठी विश्रांती आहे. निवड करण्याचा शीण उतरतो.

या व्यवस्थेची कसोटी आमच्याबरोबरच होती, कारण आमच्यापैकी एक जण शाकाहारी. जपानी स्वयंपाकात मासा ताटात नसला तरी वाटीत असतो. सुकवलेल्या माशाच्या किसाचे ‘दाशी’ सारात, भाजीत, सॉसमध्ये सर्वत्र. ऐन वेळी सांगून भागत नाही. टोकियोतल्या भाच्याने तीन आठवडे आधी कळवले होते, आणि तिन्ही रात्री कोंबू शैवाल व शीताके आळंब्यांच्या दाशीवर केलेले जेवण निमूटपणे समोर आले. बरोबर गावची खारवलेली नोझावाना पालेभाजी होतीच. नियम कडक असणे आणि माणूस निष्ठुर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हे सहा वाजताचे जेवणच धोक्यात आहे. राहणे वेगळे आणि जेवण वेगळे आकारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुजू लागली आहे. दहा दिवस राहणाऱ्या स्कीबाजाला रोज तेच उपचारी भोजन नकोसे होते, हे समजण्यासारखे आहे. जुना शेतकरी पाहुणाही स्वतःच रांधत होता, तेव्हा परंपरेचा दाखला देऊन या बदलाला विरोध करणे लटके ठरेल. मालकांची अडचण याहून खरी आहे. पहाटे न्याहारी मांडण्यापासून रात्री गाद्या घालण्यापर्यंतचे काम बहुतांशी बायकांच्या अंगावर असते आणि ते करायला तरुण मुली राहिलेल्या नाहीत. त्यांनी राहावेच, असे म्हणण्याचा अधिकार तीन रात्रींच्या पाहुण्याला नाही. पण ज्या घरांना हे जेवण अजून झेपते, त्यांच्याकडे पाहुण्यांनी पर्यायांची यादी मागू नये, एवढे आमचे म्हणणे आहे. माणसे आली पण गावाशी बांधली गेली नाहीत, म्हणजे काय होते, हे युझावात दिसते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, पैशाच्या त्या फुगवट्यात, तिथे सुट्टीपुरत्या घरांच्या उंच इमारती दाटीने उभ्या राहिल्या. फुगा फुटला, स्कीची लाट ओसरली, आणि त्यांतल्या कित्येक सदनिकांची किंमत नाममात्र उरली.

नोझावात तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत. ती त्या त्या आळीतली घरे पाळीपाळीने झाडतात, धुतात, राखतात. दाराशी फक्त दानपेटी. पाणी इतके कढत, की पहिल्या संध्याकाळी आमच्यापैकी एकीला पाऊलही बुडवता येईना. गार पाण्याचा नळ हाताशीच होता. कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या आजीबाईंकडे तिने पाहिले, नळाकडे बोट केले. आजीबाईंनी क्षणभर विचार केला आणि दोन बोटे दाखवली. म्हणजे तेवढाच सोड.