उसन्या गोलांवर किती दिवस?

२९ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर मुंबई सिटी एफसीचा ५-० असा धुव्वा उडाला आणि इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीतून संघ बाहेर फेकला गेला. पराभव मोठा होताच. परंतु मुंबईच्या चाहत्याला अधिक बोचली ती गोल करणाऱ्यांची यादी. चौथा गोल सुनील छेत्रीचा आणि पाचवा होर्हे पेरेरा दियाझचा. दोघेही एकेकाळी मुंबईच्याच निळ्या जर्सीत खेळलेले. आपण ज्यांना जाऊ दिले, त्यांनीच आपल्या जाळ्यात चेंडू मारावा, यात दैवाचा भाग थोडा आणि क्लबच्या धोरणाचा भाग जास्त आहे.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतील आपला हिस्सा सोडला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता हे कारण या समूहाने माघारीसाठी दिले आणि ते खोटे नव्हते. व्यापारी हक्कांच्या वादामुळे २०२५-२६चा हंगाम लांबत गेला. बेंगळुरू एफसीने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुख्य संघाचे वेतन स्थगित केले. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये एकेरी फेरीची, आखूड स्पर्धा सुरू झाली. अशा दिवसांत चाहत्याने आघाडीच्या फळीची चर्चा करणे कोणाला चैनीचे वाटेल. परंतु पैसा आटला की प्रथम जाणवते ती आघाडीवीराचीच उणीव, कारण फुटबॉलमध्ये सर्वांत महाग विकली जाणारी वस्तू गोल हीच आहे.

आजवर मुंबईने ही वस्तू दरवर्षी नव्याने विकत किंवा उसनी घेतली आणि वर्षाअखेरीस ती हातची जाऊ दिली. क्लबची अडचण परदेशी आघाडीवीर ही नाही. कोणताच आघाडीवीर टिकत नाही, ही आहे.

सुरुवातीची तीन वर्षे नावांची होती. २०१४ मध्ये फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोलस अनेल्का, २०१६ मध्ये दिएगो फोर्लान. तिकिटे खपण्यासाठी ही नावे उपयोगी पडली, पण संघाची बांधणी त्यांच्याभोवती होणे शक्य नव्हते. कारण ते कारकिर्दीच्या संध्याकाळी आले होते. या गर्दीत एक चांगला सौदा मात्र झाला होता. जुलै २०१५ च्या लिलावात मुंबईने सर्वाधिक १ कोटी २० लाख रुपयांची बोली लावून छेत्रीला घेतले. त्या हंगामात त्याने सात गोल केले. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धची त्याची हॅट्ट्रिक ही या लीगमधील भारतीय खेळाडूची पहिलीच. पुढच्याच वर्षी मुंबईने साखळीत अव्वल स्थान मिळविले. त्यानंतर २०१७ मध्ये बेंगळुरू एफसी या लीगमध्ये दाखल झाला आणि छेत्री तिकडचा झाला तो कायमचा. त्या काळी आय-लीग आणि सुपर लीग समांतर चालत असल्याने खेळाडूंचे करार तसे विचित्रच होते, त्यामुळे सगळा दोष मुंबईच्या माथी मारता येणार नाही. तरीही भारताच्या सर्वोत्तम आघाडीवीराभोवती संघ उभा करण्याची संधी या क्लबला मिळाली होती, हे विसरता येत नाही.

सिटी समूहाच्या काळात पैसा आला, शिस्त आली आणि विजेतेपदेही आली. २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेरा यांनी गोव्याहून येताना अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्यूगो बूमूस यांना सोबत आणले. पुढच्या फळीत सिडनी एफसीकडून उसना घेतलेला इंग्लंडचा ॲडम ल फाँद्र आणि नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे. ल फाँद्रने ११, ओगबेचेने ८ गोल केले. मुंबईने साखळीची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला विजयी गोल मात्र केला तो मणिपूरच्या बिपिन सिंगने. मुंबईच्या फुटबॉलमधील कदाचित सर्वांत आनंदाचा तो क्षण असेल.

हा विजयी संघ काही महिन्यांतच विस्कटला. ल फाँद्र परतला, बूमूस कोलकात्याच्या एटीके मोहन बागानमध्ये गेला आणि ओगबेचे हैदराबादला. पस्तिशी ओलांडलेल्या ओगबेचेला सोडणे त्या वेळी शहाणपणाचे वाटले असणार. त्याने २०२१-२२ मध्ये हैदराबादसाठी १८ गोल केले, लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तोच ठरला आणि चषकही हैदराबादने जिंकला. त्याच्या जागी मुंबईने आणलेला इगोर अंगुलो काही कमी दर्जाचा नव्हता. आदल्या हंगामात गोव्यासाठी १४ गोल करून आलेल्या अंगुलोने मुंबईसाठी १० केले. परंतु नवा प्रशिक्षक, नवी रचना आणि नवा नऊ नंबर अशा तिहेरी बदलात संघ पाचव्या क्रमांकावर घसरला.

नंतर आला दियाझ. तो धावत राहायचा, बचावपटूंना अंगावर घ्यायचा आणि त्यातून दोन्ही बाजूंना जागा मोकळी करून द्यायचा. २०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या संघाने साखळीत २० सामन्यांत ५४ गोल केले, त्यांपैकी ११ दियाझचे. त्याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट ही, की मिझोरमच्या लालियानझुआला छांगतेने त्याच हंगामात १० गोल केले. मधला खेळाडू चेंडू अडवून धरतो आहे याची खात्री असली म्हणजे बाजूचा भारतीय खेळाडू किती निर्धास्तपणे आत घुसू शकतो, याचे ते उदाहरण होते. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने पुन्हा चषक जिंकला, तेव्हाही पहिला गोल दियाझचा आणि दुसरा बिपिनचा. त्याच उन्हाळ्यात दियाझ बेंगळुरूला गेला. ग्रीसच्या निकोस कारेलिसने २०२४-२५ मध्ये १० गोल करून आपले काम चोख बजावले. पण २४ सामन्यांत संघाचे एकूण गोल २९ होते. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार एकट्याने वाहिला. छांगते तोच होता, बिपिनही तोच होता. दोन हंगाम जुळलेली मधली कडी गेली होती. २०२५ मध्ये सात हंगामांनंतर बिपिननेही ईस्ट बंगालची वाट धरली.

परदेशी आघाडीवीर टिकविता येतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. रँटी मार्टिन्स २००४ मध्ये धेंपो क्लबमध्ये आला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. या आठ वर्षांत धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळविली. २०१०-११ मध्ये रँटीने ३० आणि पुढच्या वर्षी ३२ गोल केले. त्याच्या मागे ब्राझीलचा बेटो, सोबत क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी अशी वर्षानुवर्षे एकत्र खेळणारी मंडळी होती. धेंपोकडे अबूधाबीचा पैसा नव्हता, घरचा धीर होता. शेजारच्या चर्चिल ब्रदर्सने ओडाफा ओकोलीला असेच सांभाळले आणि २००७-०८ पासून सलग तीन हंगाम तो आय-लीगमधील सर्वाधिक गोल करणारा ठरला. मुंबईचा स्वतःचा महिंद्र युनायटेडही २००५-०६ मध्ये बार्रेटो आणि याकुबू यांच्या जोडीवर राष्ट्रीय लीग जिंकला होता. तो संघ कंपनीने २०१० मध्ये बंदच केला. मालक निघून जाणे ही या शहराच्या फुटबॉलला नवी गोष्ट नाही.

सुपर लीगची रीत वेगळी पडली. हंगाम आखूड, परदेशी खेळाडूचा करार बहुधा एका वर्षाचा, प्रशिक्षकाची खुर्चीही तितकीच डळमळती. अशा प्रशिक्षकाला तयार गोल हवे असतात; घडणारा खेळाडू नको असतो. मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली. तरी त्या चारांतील एक जागा जवळजवळ प्रत्येक क्लबने नऊ नंबरासाठी राखली. परिणाम असा, की २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळाला नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, राष्ट्रीय संघाने परत बोलावले ते हौसेने नव्हे. तरीही २०२७ च्या आशिया चषकासाठी भारत पात्र ठरू शकला नाही.

भारतीय आघाडीवीर जन्मतच नाहीत, असे नाही. त्यांना बाजूला सरकविले जाते. विक्रम प्रताप सिंग कुमारवयात गोल करणारा म्हणून नावारूपाला आला, २०२० मध्ये मुंबईत आला आणि मुख्यतः बाजूने खेळविला गेला. २०२३-२४ चा उदयोन्मुख खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पण सलग वर्षभर मधली जागा त्याच्यावर सोपविण्याचे धाडस झाले नाही. आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचीही तीच गत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत असलेला हा मुलगा पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा फिरला. तालमींच्या फुटबॉलवर पोसलेल्या शहरातून आलेला हा खेळाडू राज्यातील एकमेव सुपर लीग क्लबच्या नजरेत भरू नये, याचे नवल वाटते.

इथे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे गणितही समजून घ्यायला हवे. युरोपात करार चालू असताना खेळाडू विकला की जुन्या क्लबला पैसे मिळतात. आंतरराष्ट्रीय बदलीत त्या रकमेतील पाच टक्के वाटा, फिफाच्या नियमाप्रमाणे, बारा ते तेवीस या वयात त्याला घडविणाऱ्या क्लबांत विभागला जातो. आपल्याकडे बहुतेक बदल्या करार संपल्यावर, फुकट होतात. विकत घेणाऱ्याला ते सोयीचे असते. परंतु ज्याने घडविले त्याच्या हाती काही लागत नाही, आणि मग घडविण्याची उमेद कोण धरणार? ओगबेचे, दियाझ, बिपिन यांच्या मोबदल्यात मुंबईच्या तिजोरीत मोठी रक्कम पडली असती, तर सिटी समूहाच्या जाण्याने चाहत्याच्या पोटात एवढा गोळा आला नसता.

प्रस्तुत लेखक ज्या तलवाड्यातून हा क्लब पाहतो, ते गेवराई तालुक्यातील गाव अंधेरीच्या मैदानापासून जवळपास चारशे किलोमीटरवर आहे. इथे मुंबई सिटीचा सामना पडद्यावर पाहायचा, तोही शेजाऱ्यांची क्रिकेटची मागणी परतवून. बीड जिल्ह्याने आष्टी तालुक्यातून अविनाश साबळेसारखा धावपटू दिला, बीडच्याच सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. दमसास आणि जिद्द या मातीत आहे. फुटबॉलची निवडचाचणी मात्र तिथवर कधी पोहोचली नाही. दूरच्या चाहत्याला क्लब म्हणजे एक-दोन चेहरे असतात, आणि ते चेहरे दर जुलैला बदलले की शेजारच्या पोराला ‘आपला’ खेळाडू म्हणून कोण दाखवायचा, हा साधा प्रश्न उरतो.

सिटी समूहाचे जाणे म्हणूनच निव्वळ संकट मानू नये. तो पैसा होता तोवर चुकीचा सौदा पुढच्या खिडकीत दुरुस्त करता येत होता. आता तशी मुभा नाही. मालकांनी एकच परदेशी आघाडीवीर निवडावा, तिशीच्या अलीकडचा, आणि त्याच्याशी किमान दोन, जमल्यास तीन हंगामांचा करार करावा. मोठे नाव नसले तरी चालेल. दियाझही आला तेव्हा कोणी विमानतळावर गर्दी केली नव्हती. बाकी परदेशी जागा मधल्या बचावात आणि बचावाच्या पुढे खर्ची घालाव्यात. फॉल आणि जाहू यांनी जे दिले ते कुठल्याही गोलसंख्येत दिसत नाही. आणि त्या आघाडीवीराच्या पाठीशी एक विशी-बाविशीचा भारतीय नऊ नंबर ठेवावा, ज्याला हंगामात ठरावीक सामने सुरुवातीपासून मिळतील, गोल होवोत वा न होवोत. त्याचा करार लांबचा असावा, म्हणजे तो उद्या गेलाच तर फुकट जाणार नाही.

यात धोका आहे. पहिल्या वर्षी क्लब सातवा-आठवा येईल, अंधेरीतील पश्चिमेकडचा कट्टा ओरडेल आणि प्रशिक्षकाची गच्छंती मागितली जाईल. या चाहत्यानेही २०२१-२२ मध्ये तशीच मागणी केली होती, हे कबूल करायला हवे. तेव्हा बकिंगहॅम यांना ठेवले म्हणून पुढच्या वर्षीचे ५४ गोल दिसले. नऊ नंबरच्या बाबतीत तेवढीच सबुरी दाखविली गेली, तर पुढील वेळी कांतीरवावर मुंबईचा सामना असेल तेव्हा गोल करणाऱ्यांच्या यादीत आपली जुनी माणसे आपल्याच बाजूला असतील.