व्यक्ती तितक्या प्रकृती. मग औषधाचे माप एकच का?

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपल्याकडे वैद्यांपासून घरातल्या आजीपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. एकाला दूध मानवते, दुसऱ्याला ते बाधते, हे सांगावयास कोणी पंडित लागत नाही. परंतु कर्करोगावर जी अत्यंत जहाल औषधे द्यावी लागतात, त्यांच्या बाबतीत हे साधे शहाणपण फार काळ बाजूस राहिले. रुग्णाची उंची व वजन घ्यावयाचे, त्यावरून शरीराचे क्षेत्रफळ काढावयाचे आणि त्या मापाने औषध शिरेत सोडावयाचे, हा सर्वत्रचा शिरस्ता. ज्या शरीरात औषध जाते त्याची आणि ज्या गाठीवर ते जाते तिची जनुकीय घडण कशी आहे, हा प्रश्न विचारलाच जात नसे. आज तो विचारता येतो आणि काही बाबतींत त्याचे खात्रीचे उत्तरही मिळते. असे असताना तो न विचारताच उपचार सुरू होणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचेच उदाहरण घेऊ. या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारावर केमोथेरपीच्या चार औषध-जोड्यांपैकी कोणती सरस, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रोग बळावलेल्या ११५५ रुग्णांचा हिशेब मांडल्यावर उत्तर आले ते असे की, चारांपैकी एकही जोडी दुसरीहून सरस नाही! गाठ लक्षणीय प्रमाणात आक्रसली ती शेकडा १९ रुग्णांत. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आतच दगावले. केस गळणे, ओकाऱ्या आणि रक्तातील पांढऱ्या पेशींचा ऱ्हास हे भोग मात्र ज्यांना गुण आला त्यांच्याप्रमाणेच ज्यांना आला नाही त्यांच्याही वाट्यास आले. मग हे एकोणीस जण कोण आणि उरलेले एक्याऐंशी कोण? सरासरीच्या आकड्याने या प्रश्नावर पडदा टाकला होता.

तो पडदा दूर सारला जनुकशास्त्राने. २००४ साली बोस्टन येथील संशोधकांच्या दोन गटांनी दाखवून दिले की, गेफिटिनिब या गोळीने ज्यांच्या गाठी झपाट्याने विरघळल्या, त्यांच्या गाठींतील पेशींच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल झालेला होता. पुढे २००९ साली आशियातील नऊ देशांत मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत हीच गोळी आणि नेहमीची केमोथेरपी यांची तुलना होती. गाठीत तो बदल असलेल्यांपैकी शेकडा ७१ जणांना गोळीचा गुण आला, तर बदल नसलेल्यांपैकी जेमतेम शेकडा एकाला! याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. केमोथेरपीचा गुणदेखील दोन्ही गटांत सारखा नव्हता. बदल असलेल्यांत तो शेकडा ४७ जणांना आला, नसलेल्यांत शेकडा २३ जणांना. औषध तेच, मात्रा तीच, रोगाचे नावही तेच. फरक होता तो गाठीच्या जनुकात.

येथे कोणी म्हणेल की, रुग्णाकडे पाहून अनुभवी डॉक्टर हे ताडू शकणार नाही काय? या चाचणीतील रुग्ण तसेच निवडले होते. ते पूर्व आशियातील होते आणि बहुतेकांनी सिगारेट कधी ओढलीच नव्हती; म्हणजे ज्यांच्यात हा बदल सापडण्याचा संभव सर्वांत अधिक, अशांतलेच. तरीही ज्या ४३७ जणांच्या गाठी तपासता आल्या, त्यांपैकी २६१ जणांतच तो सापडला. दहांतील चौघांच्या बाबतीत अदमास फसला असता. वंश, देश, सवयी यांवरून अदमास बांधता येतो, निदान करता येत नाही. तपासावयाचा तो माणूस, त्याची जात किंवा जमात नव्हे.

दुसरा भेद गाठीतला नव्हे, जन्मतःच रक्तात आलेला. इरिनोटेकन नावाचे एक औषध आहे. त्यापासून शरीरात जे विष तयार होते, त्याचा निचरा करण्याचे काम यकृतातील एक विकर करते. काही लोकांत त्या विकराचे जनुक उपजतच मंद असते. एरवी त्यांस काही त्रास नसतो. फार तर डोळ्यांत अधूनमधून थोडी पिवळी झाक दिसते. पण हे औषध पूर्ण मात्रेत दिल्यास त्यांच्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली उतरू शकतात. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या, झपाट्याने पसरणाऱ्या कर्करोगावर जपानमध्ये या औषधाची चाचणी झाली. २००२ साली निष्कर्ष आले ते चकित करणारे होते : जुन्या जोडीने मध्यम आयुर्मान ९.४ महिने, तर नव्या जोडीने १२.८ महिने. हीच चाचणी अमेरिकेत ६५१ रुग्णांवर केली, तेव्हा २००९ साली आकडे आले ९.१ आणि ९.९. जपानमधील लाभ अमेरिकेत जवळजवळ लोपला! हा सारा फरक जनुकांनीच घडविला, असे कोणी म्हणू नये. ते सिद्ध झालेले नाही. परंतु औषधाची बाधा कोणास अधिक झाली याचा माग घेता तो जनुकांतील भेदांपर्यंत पोचला, हे त्याच चाचणीत दिसून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच मंद जनुकाच्या रुग्णांस कमी मात्रेने प्रारंभ करण्याचा विचार व्हावा, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घातली होती. जपानने २००८ साली ही तपासणी आपल्या आरोग्यविम्यात समाविष्ट केली. एका देशाचे सूत्र दुसऱ्या देशात डोळे मिटून उतरवू नये, हा यातला बोध आहे.

मात्र नव्याच्या नवलाईने हुरळून जाण्यातही शहाणपण नाही. ईआरसीसी१ या प्रथिनाची कथा या बाबतीत उद्‌बोधक आहे. गाठीत हे प्रथिन नसेल तर शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या सिस्प्लॅटिनचा लाभ होतो, असे २००६ साली ७६१ गाठी तपासून प्रसिद्ध झाले आणि केवढी आशा निर्माण झाली! २०१३ साली त्याच संशोधकांच्या वर्तुळातून कबुली आली की, तो निष्कर्ष पुन्हा पडताळता आला नाही; वापरलेली तपासणी प्रथिनाचे कार्यक्षम रूप वेगळे ओळखूच शकत नव्हती. शास्त्राने स्वतःची परीक्षा घेतली, हे त्यास भूषणावह आहे. पण तोवर त्या तपासणीवर विसंबून कोणास औषध नाकारले गेले असते तर? म्हणूनच सिद्ध तपासण्या वेगळ्या आणि आकर्षक वेष्टनात विकल्या जाणाऱ्या लांबलचक जनुक-याद्या वेगळ्या, हा विवेक डॉक्टरांनी व रुग्णांच्या आप्तांनी राखला पाहिजे.

आता आपल्या घरचे पाहू. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी भारतातील ९०७ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ईजीएफआरचा बदल त्यांतील शेकडा २३ जणांत असल्याचे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. हे आकडे ना गोऱ्यांचे, ना जपान्यांचे. ते आपले आहेत. त्याच रुग्णालयाने असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ साली पुढे आली. केवळ गेफिटिनिबने रोग मध्यमानाने ८ महिने आटोक्यात राहिला, तर जोडीला केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. तीव्र दुष्परिणाम मात्र शेकडा २५ वरून ५१ वर गेले. केमोथेरपी टाकाऊ ठरलेली नाही. ती कोणास, कशासोबत आणि किती किंमत मोजून द्यावी, हे गाठ तपासल्यावर अधिक नेमके ठरविता येते, एवढाच याचा अर्थ आहे. आता याहून सरस गोळ्याही आल्या आहेत. परंतु त्यांचाही दरवाजा उघडतो तो तपासणीच्याच किल्लीने.

आमचे मागणे फार मोठे नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात जी तपासणी सिद्ध झाली आहे, ती उपचाराचेच अंग मानली जावी. शासकीय योजना असो वा विमा, औषधाचा खर्च जो उचलतो त्याने तपासणीचाही उचलावा. औषध फुकट आणि तपासणी पदरमोड करून, असे जेथे घडते तेथे ते फुकटचे औषधही अंधारात मारलेला खडा ठरते. तपासणीस दिवस लागतात, हा आक्षेप खरा आहे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर डॉक्टरने वाट पाहू नये, हेही आम्हांस मान्य आहे. पण सवड असताना न तपासण्यास ती सबब होऊ शकत नाही. खर्चाचे म्हणाल, तर ज्याचा गुण येणारच नाही अशा औषधावर घरातले सोने मोडणे, हा खर्च कोणी कधी मांडला आहे काय?

सर्वांना सारखेच औषध देणे म्हणजे समता, असे मानण्याचे दिवस सरले. प्रत्येकाची प्रकृती तपासून घेण्याचा हक्क सर्वांना सारखा असणे, ही खरी समता होय. ती प्रत्यक्षात आणण्याचा भार आता प्रयोगशाळेवर उरलेला नाही. तो शासनावर आणि समाजावर आहे.